उजवीकडचं पान

"मूठ सोडायची नाही हं. कहाणी पुरी होईस्तोवर दाणा खाली पडता कामा नये. आणि पहिल्या दिवशी ज्याच्या हाती दिलेस, त्याच्याच हाती शेवटच्या दिवशी. ऐकणारा मध्येच बदलायचा नाही."

आमच्या बॅगा दारात उभ्या होत्या आणि सासूबाई खुर्चीत बसून घोगऱ्या आवाजात मला हे सांगत होत्या. चातुर्मासाचा हा वसा त्यांनी एकतीस वर्षं चालवला होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज चार वाजता एक कहाणी सांगायची. समोर एक ऐकणारा, त्याच्या उजव्या मुठीत पाच तांदूळ. त्यानं मधून मधून 'हूं' म्हणायचं, आणि 'सुफळ संपूर्ण' कानावर पडलं की मूठ उघडायची. त्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सहा महिने बोलायला बंदी केली होती. म्हणून वसा माझ्याकडे आला.

"आई, तिकडे मराठी कळणारं कोण भेटणार?" मी म्हटलं.

"कळायला कशाला पाहिजे? ऐकायला पाहिजे. भिंतीला सांगितलेली कहाणी देवाला पोचत नाही."

त्या पाच तांदळांची चांदीची डबी आजही माझ्या देवघरात आहे. दाणे घामानं पिवळे पडलेत. दर चातुर्मासात ती पुसताना मला एक नदी आठवते आणि माझी जरा चुळबुळ होते.

ह्यांना पोलादाच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, चेक देशात, पार पूर्वेच्या टोकाला. आम्ही राहत होतो ते तेशीन गाव नदीनं मधोमध चिरलेलं. अलीकडचं अर्धं चेकांचं, पलीकडचं अर्धं पोलंडचं. मध्ये ओल्झा नदी, आपल्या कृष्णेच्या निम्मीसुद्धा नाही. तिच्यावर पूल, पुलावर दोन देशांचे शिपाई. गावची माणसं ओळखपत्र दाखवून भाजी आणायला जावं तशी जा-ये करायची. मला मात्र जाता येत नव्हतं. माझ्या पासपोर्टावर अलीकडचाच शिक्का होता.

पहिल्या दिवशी मी ह्यांच्याच हाती दाणे देणार होते. "माझी पाळी बदलते गं, चार वाजता मी कुठला घरी?" हे म्हणाले. आदल्या रविवारी मी सरावाला म्हणून एक कहाणी सांगून पाहिली, तर राजा शिकारीला निघायच्या आत हे घोरायला लागले. घोरतानाही 'हूं' मात्र वेळेवर येत होतं.

एकादशीला साडेतीन वाजले तरी ऐकणारा नव्हता. मी घरात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी उभी होती, उंच, किडकिडीत, पांढरे केस मागे ताणून बांधलेले. छातीवर हात ठेवून म्हणाली, "पानी यारमिला."

मी आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आले.

तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत सगळं पाणी पिऊन टाकलं. मग इंग्रजीत म्हणाली, "आभारी आहे. पण आमच्याकडे 'पानी' म्हणजे बाई. मी यारमिलाबाई. तुझ्या चालण्यानं माझा दिवा हलतोय, तेवढं सांगायला आले होते."

मी शरमले. पण घड्याळ पुढे पळत होतं. मी तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. वसा, मूठ, हूं.

"म्हणजे मला काही कळणार नाही, तरी मी ऐकायचं?"

"हो."

"चार महिने? रोज?"

"हो."

"मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं," ती म्हणाली. "मुलांनी माझ्याशी हेच केलं." आणि तिनं उजवा हात पुढे केला.

यारमिलाबाईंनी आयुष्यभर रशियन शिकवली होती. राजवट बदलली तशी रशियन कुणाला नको झाली, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकून त्या इंग्रजीच्या बाई झाल्या. "मी मुलांच्या एकच धडा पुढे होते," म्हणायच्या. आता एकट्याच राहत होत्या. चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात त्यांची पावलं वाजायची. कहाणीला त्या ताठ बसायच्या, मूठ मांडीवर. 'हूं' कुठं म्हणायचं ते आठवडाभरात त्यांना माझ्या श्वासावरूनच कळायला लागलं.

कहाणी झाली की चहा, आणि मग त्यांची पाळी. पहिल्या आठवड्यातच त्या एक जाड वही घेऊन आल्या. निळ्या कापडाची बांधणी, कडा झिजलेल्या. डाव्या पानावर एका हाताचं अक्षर, उजव्या पानावर दुसऱ्या हाताचं.

"हे शब्द पूल ओलांडताना कपडे बदलतात," त्या म्हणाल्या. "बघ. 'स्क्लेप'. आमच्याकडे तळघर. पलीकडे गेलीस की दुकान. 'झाखोद' म्हणजे तिकडे पश्चिम, सूर्य मावळतो ती दिशा. आणि आमच्याकडे..." त्यांनी न्हाणीघराच्या बाजूला बोट केलं.

"संडास?"

"माझे वडील चेक, आई पोलिश. आई गच्चीत उभी राहून म्हणायची, काय सुंदर झाखोद! आणि वडील नाक धरायचे."

मी इतकी हसले की देवापुढची वात फडफडली. एका पानावर त्यांनी घाईनं हात ठेवला. "हा तुला सांगणार नाही. तिकडे साधा शब्द आहे, शोधणं. इकडे तू म्हटलास तर तुझा देव रागावेल."

मग त्या लांबच्या भाषांतही जायच्या. एकच 'बुरो', इटलीत लोणी आणि स्पेनमध्ये गाढव. 'गिफ्ट' इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडनमध्ये लिहायला तोच शब्द, अर्थ 'लग्न झालेला'.

"आहेर, विष आणि लग्न," मी म्हटलं. "आमच्याकडे शब्द तीन लागतात, घर मात्र एकच." यारमिलाबाईंनी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मीही त्यांना सांगितलं, की आमच्याकडे मास्तर शिक्षा करतात तेव्हा पोर रडतं, आणि हिंदीत शिक्षा देतात तेव्हा आईबाप पेढे वाटतात. "तुमच्याकडेही पूल आहेत तर," त्या म्हणाल्या.

वहीतलं एक मला खटकत होतं. शेवटच्या चाळीसेक पानांवर डावी बाजू भरलेली आणि उजवी कोरी होती. एकदा मी विचारलं, "ह्यांचे पलीकडचे अर्थ तुम्हाला येत नाहीत?"

"येतात."

"मग लिहीत का नाही?"

"उजवीकडचं पान माझं नाही." त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशी चहा न घेताच गेल्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. दिवाळीच्याच सुमाराला येतो हा दिवस. मीही सकाळी तुळशीपुढे पणती लावली होती, म्हणून त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेले. हजारो लाल काचेचे दिवे. यारमिलाबाई आईच्या थडग्यापाशी आल्या, आणि वाकल्या तशाच राहिल्या.

"काय झालं?"

"दिवा नाही."

"तुम्ही आणलाय की."

"दुसरा दिवा नाही." त्यांनी दोन्ही बाजू चाचपल्या, मागे पाहिलं. "दर वर्षी मी येते तेव्हा इथं एक दिवा आधीच लागलेला असतो. व्हांदा पहाटे येऊन लावून जाते. बावीस वर्षं. एकदाही चुकली नाही."

व्हांदा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पलीकडे दिली होती. वहीतलं उजवं पान तिचं. यारमिलाबाई घरी येईपर्यंत चालता चालता तुटक तुटक बोलत होत्या. आईचं शेवटचं दुखणं ह्यांनी एकटीनं काढलं होतं. व्हांदा पूल ओलांडून आठवड्यानं यायची, केक आणायची, गोड बोलायची, जायची. ह्यांच्या मनात साचत गेलं. आई जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तार करायची सोडून ह्यांनी साधं पत्र टाकलं.

"पत्राला पाच दिवस लागतात. मला माहीत होतं." त्या थांबल्या. "व्हांदा आली तेव्हा पुरून झालं होतं. माझ्या दारात उभी राहून अर्धा तास हाका मारत होती. मी आत होते. उघडलं नाही."

त्यानंतर दहा मिनिटांच्या अंतरावर राहून दोघी बावीस वर्षं भेटल्या नव्हत्या.

तीन दिवसांनी पत्र आलं. व्हांदाच्या मुलीचं. आई जिन्यात पडली, मांडीचं हाड मोडलं, पलीकडच्या इस्पितळात आहे. थोडं बरं वाटलं की तिला मी माझ्याकडे घेऊन जाणार. येत्या एकवीस तारखेला, संध्याकाळी साडेपाचला, गाडीनं. माझं घर पार उत्तरेला, समुद्राकाठी. तिथून तिला पुन्हा इकडे आणणं होणार नाही. ती तुमचं नाव घेत नाही, पण दार वाजलं की मान वळवते. भेटीची वेळ तीन ते पाच.

यारमिलाबाईंनी पत्र मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "तीन ते पाच. बघ. चारला तुझी कहाणी."

खरं सांगते, माझा ऊर भरून आला. किती निष्ठेनं ऐकणारी मिळाली आपल्याला, असं वाटलं. मी म्हणू शकत होते, की आज कहाणी दोनला सांगते. पण सासूबाईंनी चारची वेळ एकतीस वर्षं मोडली नव्हती. मी पत्र त्यांच्या हातात परत दिलं आणि दाणे काढले.

त्या रात्री मी मिरजेला, घरी, फोन लावला. सासूबाईंना बोलायचं नव्हतंच, मीच बोलत होते. "आई, एक दिवस चुकलेला नाही. ऐकणारी बहिणीला भेटायला जायचीसुद्धा थांबलीय, वशासाठी." पलीकडून नेहमीसारखं 'हूं' आलं नाही. लाइन गेली असं समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. लाइन चालू होती. मग नणंदेनं फोन घेतला आणि जेवणाखाण्याचं विचारत बसली.

माझं लक्ष लागेना. जपाला बसलं तरी माळेवरून बोटं घसरायची.

रोज सकाळी दूध आणायला जाताना मला यारमिलाबाई पुलाच्या वाटेवर दिसायच्या. डोक्याला रुमाल, काखेत कागदात गुंडाळलेला पाव. पुलाच्या तोंडापाशी जायच्या, रांगेतल्या माणसांकडे बघायच्या, आणि परत फिरायच्या. एकदा मी समोर आले.

"भेट तर तीनला ना? सकाळी कुठं निघालात?"

"पूल जागेवर आहे का बघायला," त्या म्हणाल्या.

एकादशीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे बटाटे मागायला गेले, उपासाचे. त्या आत पैसे शोधायला गेल्या, पेपरवाला दारात होता. मी स्वयंपाकघरात उभी होते. ओट्यावर पाव मांडलेले होते. चौदा पाव. कागद न सोडलेले. पहिले काही दगडासारखे झालेले, त्यांच्यापुढचे जरा मऊ, आणि शेवटचा त्या दिवशीचा, अजून उबदार. रोज एक पाव बहिणीसाठी घेतला होता आणि रोज परत आणला होता. शेजारी ती वही उघडी होती. डाव्या पानावर त्यांच्या अक्षरात 'चेर्स्त्वी'. हा शब्द त्यांनी मला सांगितला होता. इकडे ताजा, तिकडे शिळा. आई पलीकडून पाव आणायची तेव्हा दोघी बहिणी ह्याच शब्दावरून भांडायच्या. उजवं पान कोरं होतं.

मला तिथं उभं राहवेना. चारला कहाणी आहे म्हणून ह्या थांबल्या नव्हत्या. ह्यांना ते दार वाजवायची भीती होती, आणि माझे पाच दाणे त्यांना लपायला पुरत होते. मीही त्यांना लपू दिलं होतं. मला ऐकणारी हवी होती.

बटाटे न घेताच मी वर आले.

एकादशी उजाडली. तारीख एकवीस, संध्याकाळी व्हांदाची गाडी. उपास होता, पण भूकच नव्हती. हे कामावर गेले. मी चार वेळा फुलं बदलली, तुळशीला दोनदा पाणी घातलं. चारला पाच कमी असताना जिन्यात पावलं वाजली.

"आज शेवटची ना?" यारमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी चांगला झगा घातला होता, कॉलरला पिन लावली होती. डोळे मात्र सुजलेले. "आज मी दोनदा 'हूं' म्हणेन."

मी त्यांच्या उजव्या हातात दाणे ठेवले. मूठ मिटली. मी कहाणी सुरू केली. एक बाई असते, तिनं वसा घेतलेला असतो, आणि माहेरून सांगावा येतो. तेवढं झालं आणि मी उठले. त्यांचा कोट खुंटीवरून काढला.

"संपली?"

"नाही. चालता चालता सांगते. उठा."

"कहाणी चालत असते का?"

"आज असते."

त्यांच्या मजल्यावर आल्यावर मी त्यांच्या दारातून आत गेले, ओट्यावरचा त्या दिवशीचा पाव घेतला, वही घेतली, दोन्ही कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी त्यांच्या डाव्या हातात अडकवली. त्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. मूठ छातीशी.

"कुमुदिनी, नको."

"त्या बाईला वाटेत रान लागतं," मी जिना उतरत म्हटलं. "रानात काळोख. हूं?"

"हूं," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि मागून आल्या.

बाहेर अंधारून आलं होतं. वारा नदीवरून येत होता, ओला. मी साडीवर ह्यांचा जाड कोट चढवला होता, लोक वळून बघत होते. मी बोलायची थांबत नव्हते. मी हळू बोलणारी बाई, पण त्या दिवशी वाऱ्याच्या वर आवाज चढवून बोलत होते. त्या 'हूं' म्हणत होत्या आणि पुढं पुढं जास्तच जोरानं मान हलवत होत्या, नकाराची. पाय मात्र चालत होते.

पुलाच्या तोंडाशी रांग होती. पिशव्या घेतलेल्या बायका, सायकलवाला एक म्हातारा. जिथून पुढे मला जाता येत नव्हतं तिथं मी थांबले.

"आणि ती बाई नदीपाशी येते," मी म्हटलं आणि गप्प झाले.

"हूं," त्या म्हणाल्या. मी काही बोलेना. "हूं? पुढे?"

"पुढचं तुम्ही परत आल्यावर."

यारमिलाबाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "ही फसवणूक आहे."

"आहे."

"देवाच्या कामात?"

"हो."

"मी आत्ता मूठ उघडली तर?"

"तर माझा वसा मोडेल. सासूबाईंचा एकतीस वर्षांचा. तुमच्या हातात आहे."

त्या मुठीकडे बघत राहिल्या. पांढरी पडली होती बोटं. रांग पुढे सरकली, मागच्या बाईनं काहीतरी म्हटलं. घड्याळात सव्वाचार होऊन गेले होते.

"ती दार उघडणार नाही," त्या एकदम लहान आवाजात म्हणाल्या.

"इस्पितळाला दारं उघडीच असतात."

"तोंड फिरवील."

"फिरवू दे. अर्धा तास उभ्या राहा. त्याही राहिल्या होत्या."

हे बोलून गेल्यावर माझीच जीभ चावावीशी वाटली. कुणाला असं बोलायची मला सवय नाही. पण त्यांनी मान खाली घातली आणि हळूच हलवली, होकाराची.

"आणि तिथं अशी मूठ आवळून बसू? ती विचारील, हे काय?"

"सांगा, एका वेड्या बाईनं बांधून ठेवलंय. वही डाव्या हातानं पुढे करा. उजवीकडचं पान त्यांनी लिहायचंय. तुमच्या उजव्या हाताचं तिथं काय काम?"

यारमिलाबाई हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे पूर्ण ओले झालेले मी पाहिले. पिशवीतला पाव त्यांनी कोपरानं चाचपला. "पलीकडे पोचेपर्यंत हा शिळा होणार," म्हणाल्या.

"होऊ दे. त्या भांडतील तरी."

त्यांची पाळी आली. शिपायानं हात पुढे केला. पिशवी मनगटावर सरकवून डाव्या हातानं त्यांनी ओळखपत्र काढायला वेळ लावला. शिपायानं मुठीकडे बोट दाखवलं. त्या त्याच्याशी काही बोलल्या, थोडक्यात, शाळेतल्या बाईसारखं. तो तरुण शिपाई पुलाच्या अलीकडे, साडीवर पुरुषाचा कोट घालून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं ओळखपत्र परत दिलं आणि बाजूला झाला.

माझ्या घरी चारची वेळ टळून गेली होती. देवापुढे कहाणी अर्धी होती. सांजवात व्हायची होती. मी तिथून हलले नाही.

यारमिलाबाई कठड्याच्या कडेनं चालू लागल्या. पुलाच्या मध्यावर, जिथं एक देश संपतो, तिथं क्षणभर थांबल्या. परत फिरतील असं मला वाटलं. त्यांनी मागे पाहिलं नाही. मिटलेली मूठ फक्त खांद्याइतकी वर केली, मला दिसेल अशी, आणि वाऱ्यावर त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"हूं."

आणि त्या पुढे गेल्या.